तिसरी वीज

उंच डोंगरांतल्या कुन्तुरपाता गावात पाहुणे येणार असं सभेत जाहीर झालं, तेव्हा दाराला टेकून सूत कातत बसलेल्या निकासियाने आधी महिना मोजला. फेब्रुवारी. म्हणजे इथला ऐन पावसाळा, बटाटा फुलावर आणि ढग डोक्यावर.

"जूनमध्ये बोलवा की, थंडीत," ती म्हणाली. "तेव्हा आभाळ कसं घासलेल्या ताटासारखं असतं."

"जूनमध्ये त्या पोरांच्या परीक्षा असतात, कोमाद्रे." एलेउतेरियो त्या वर्षीचा गावप्रमुख होता. निकासियाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच हातांवर घेतलं होतं, म्हणून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. या नात्यात थट्टेला मुभा असते. "आणि काय गं, मागच्या खेपेला फाउस्तिनाकडे पाहुणे उतरले, तेव्हा नाही आठवलं तुला आभाळ?"

"तेव्हा ऑगस्ट होता."

"बरं, मग ढगांना अर्ज करू? ‘दहा दिवस रजेवर जा, निकासियाबाईंकडे पाहुणी आहे!’"

सभा खो-खो हसली. निकासियाही तोंडावर हात ठेवून हसली. घाबरली की तिला हसू यायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड.

गावात ती भित्री म्हणून प्रसिद्ध होती, आणि तिच्या भीतीचा गावाला उपयोगही होत होता. वरच्या माळावर अल्पाका, म्हणजे लांब मानेची लोकरीची जनावरं, चारणाऱ्या बायका आभाळाकडे कमी आणि निकासियाच्या कळपाकडे जास्त बघायच्या. तिचा कळप उताराला लागला की एकमेकींना हाका मारायच्या, "निकासिया फिरली गं, चला!" बहुतेक वेळा अर्ध्या तासात गडगडाट सुरू व्हायचा. कधीकधी काहीच व्हायचं नाही, मग संध्याकाळी तिला बोलणी बसायची, की तुझ्या पायी आमची जनावरं अर्धपोटी राहिली. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लवकर फिरायची. माळावर निघण्याआधी ती शालीची चांदीची टाचणी काढून उंबऱ्याशी ठेवायची आणि शालीला नुसती गाठ मारायची. नवरा खाणीवर, मुलगा शहरात. घरात ती आणि ऐंशी वर्षांची आई, बासिलिया. त्यामुळे या खुळाला घरात कोणी हसायलाही नव्हतं.

भीतीपायीच ती आरोग्यकेंद्राच्या एकूण एक शिबिराला जायची. दोन वर्षांपूर्वी परिचारक सिरिलोने रबराची एक बाहुली आणली होती, माणसाएवढी, नुसतं धड आणि डोकं. श्वास थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते तो शिकवत होता. बायकांनी तिथे नुसता धुडगूस घातला.

"एवढं दाबलं तरी हूं नाही की चूं नाही," फाउस्तिना म्हणाली होती. "माझ्या नवऱ्याचीच बहीण दिसते ही."

हसण्याच्या गलक्यात सिरिलोचा ताल काही कोणाला जमेना. शेवटी वैतागून तो म्हणाला, "अहो, बटाटे तुडवता ना थंडीत? गोठलेल्या बटाट्यांतलं पाणी काढायला पाय कसे पडतात? तसेच हात पडू देत. तीस वेळा. मग हनुवटी वर करून तोंडाने दोनदा फुंका, आणि छाती वर येते का ते पाहा. मग पुन्हा तीस." निकासियाला ते एकदम जमलं. बटाटे तुडवण्यात तिचा हात, म्हणजे पाय, धरणारी गावात कोणी नव्हती.

आता तिच्या भीतीचं मूळ सांगायला हवं.

आभाळात घोड्यावरून फिरणारा वरचा बाप माणसाला तीनदा शिवतो, असं कुन्तुरपात्यात मानतात. पावसाळ्यात त्याचं नाव कोणी घेत नाही, विजेचंही घेत नाही. घेतलं की तो घोडा वळवून बघतो. त्याच्या पहिल्या विजेने माणूस मरतो. दुसरीने त्याचे तुकडे होतात. तिसरीने ते तुकडे पुन्हा जुळतात आणि माणूस उठून बसतो. मात्र तोवर त्याच्याकडे कोणी पाहायचं नाही. पाहिलं, तर तिसरी वीज येतच नाही. म्हणून कोणावर वीज पडली की बाकीच्यांनी गुडघ्यांवर बसायचं, पाठ फिरवायची आणि डोळे मिटायचे.

निकासिया सात वर्षांची होती तेव्हा तिची थोरली बहीण सबिना बटाट्याच्या शेतात विजेखाली सापडली. सबिना अकरा वर्षांची होती. "पाठ फिरवा!" आई किंचाळली. बाप, आत्या, शेजारी, सगळे फिरले. निकासियाही फिरली, पण बोटांच्या फटीतून तिने मागे पाहिलं. सबिनाच्या टोपीतून धूर निघत होता, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं माती चाचपत असावीत तशी हलत होती. हलता हलता ती थांबली. तिसरी वीज आली नाही.

पाऊस ओसरल्यावर आईने एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "कोणी पाहिलं?"

आईचा संशय आत्यावर गेला. ती आत्याशी पुन्हा कधी बोलली नाही, तिच्या मयतालाही गेली नाही. आणि निकासिया गप्प राहिली. बेचाळीस वर्षं.

पाहुणे सहा होते, सहा देशांचे. गावात राहायचं, कामाला हात लावायचा, आपली गाणी शिकवायची, इथली शिकायची, शेवटच्या दिवशी सगळ्या गावाने एकत्र जेवायचं, असा तो दहा दिवसांचा कार्यक्रम होता. निकासियाच्या वाट्याला आलेली पोरगी फिनलंडची होती. वेन्ला नाव, वय एकवीस. ती मिनीबसमधून उतरली आणि उतरतच राहिली.

"ही एवढी वाढली कशी?" बासिलियाने विचारलं. "हिच्याकडे गारा पडत नाहीत वाटतं."

सगळे हसले. वेन्लाला शब्द कळले नाहीत, तरी तीही हसली आणि म्हातारीला वाकून मिठी मारली. निकासियाच्या मनात मात्र दुसरंच आलं. वरच्या माळावर औषधाला झाड नाही. घोट्याएवढं गवत, गुडघ्याएवढे दगड, कमरेएवढ्या अल्पाका. त्यात आता हे चालतं झाड.

एलेउतेरियोने यजमानांना आधीच बजावून ठेवलं होतं, "पाहुण्यांना घाबरवायचं नाही. त्या पलीकडच्या गावाने भुताखेतांच्या गोष्टी सांगितल्या, आणि पाहुणे तिसऱ्या दिवशी बस धरून पसार." निकासियाने पाच दिवस आपल्या भीतीबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. पण वेन्लाची चकचकीत स्टीलची बाटली तिने लोकरीच्या मोज्यात घालून दिली. "पाणी गार राहतं," ती मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली.

"सेन्योरा, इथे पाणी आधीच बर्फ आहे," वेन्ला तितक्याच मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली.

"मग आणखी गार राहतं."

पोरगी कामाला वाघ होती. शेण गोळा करायची, अल्पाकांची पिल्लं उचलून कवटाळायची, बासिलियाच्या शेजारी बसून सुताचा गुंता करायची आणि म्हातारीच्या शिव्या खायची. उकडलेला बटाटा सालासकट खाते म्हणून बासिलिया तिला ‘उंदीर’ म्हणायला लागली. निकासियाला ती आवडली आणि तिथेच भीती दुप्पट झाली. रोज सकाळी ती तिला माळावर न नेण्यासाठी काहीतरी निमित्त काढायची. आज तू घरी थांब, आज आईला सोबत कर, आज तुझा चेहरा उतरलाय. वेन्ला ऐकायची नाही. "मी कामाला आलेय," म्हणायची.

सहाव्या दिवशी सकाळी एक मादी व्यायला बसली. अल्पाका सकाळीच वितात, म्हणजे दुपारच्या गारठ्याआधी पिल्लाचं अंग वाळतं. पण ही पहिलटकरीण होती, तिला उशीर लागला. पिल्लू बाहेर पडलं तेव्हा दुपार कलायला आली होती. वेन्ला गुडघ्यांवर बसून रडत होती आणि हसत होती. निकासियाही क्षणभर विसरली. ती त्या ओल्या, लटपटत्या जिवाकडे बघत बसली, आणि तेवढ्यात तिच्या तोंडात वादळाआधीची ती चव आली. चमचा चाटल्यासारखी. तिने वर पाहिलं. खिंडीवर निळसर काळा ढग बसला होता, आणि कळपातल्या म्हाताऱ्या माद्या एकेक करून पाय दुमडून खाली बसत होत्या.

"चल," ती म्हणाली. "चल, चल, चल."

पिल्लू शालीत बांधून तिने पाठीवर घेतलं आणि कळप उताराला लावला. समोरच्या डोंगरावरून फाउस्तिनाची हाक आली, "निकासिया फिरली गं!" आणि तिच्या मेंढ्याही वळल्या. निकासियाने अर्धा उतार उतरून मागे पाहिलं. वेन्ला शेजारी नव्हती.

व्यालेली मादी वरच थांबली होती. वार पडली नव्हती, म्हणून ती जागची हलत नव्हती. आणि वेन्ला तिला ढकलत, चुचकारत कड्याच्या धारेवर उभी होती.

"खाली ये!" निकासिया ओरडली.

"आई राहिली! पिल्लाची आई!"

"राहू दे! ये!"

"दोन मिनिटं!" वेन्लाने हात उंच करून दोन बोटं दाखवली.

एक शब्द पुरला असता. तो स्पॅनिश शब्द निकासियाला येत होता आणि वेन्लालाही कळला असता. तो जिभेवर आलाही. पण डोक्यावर ढग उभा असताना तो शब्द उच्चारायचा म्हणजे बोट करून दाखवायचं, ही बघ इथे आहे, सगळ्यांत उंच. निकासियाने तो गिळला. "पाऊस!" ती ओरडली. "पाऊस येतोय!"

पावसाला कोण भितं? वेन्लाने हसून डोक्यावर टोपी ओढली.

मग सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला की बरोबरच आला हे निकासियाला पुढे कधी सांगता आलं नाही. ती गवतात पालथी पडली होती आणि पाठीवरचं पिल्लू बें-बें करत होतं. तिने डोकं उचललं आणि लगेच खाली घातलं. पाहायचं नाही.

"निका! पाठ फिरव!" समोरून फाउस्तिनाचा फाटलेला आवाज आला. "पाठ फिरव! आम्ही फिरलोय!"

निकासिया फिरली. डोळे गच्च मिटले. तिला हसू येऊ लागलं, दात वाजायला लागले आणि तिने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला. आता दुसरी. मग तिसरी. कोणी पाहिलं नाही तर पोरगी उठून बसेल, टोपी झटकेल. कोणी पाहिलं नाही तर. पण सबिनाची बोटं. पहिल्या विजेने माणूस मरतो म्हणतात, मग मेलेल्याची बोटं माती कशी चाचपतात? हा प्रश्न तिच्या मनात बेचाळीस वर्षं होता, आणि तिने त्याला कधी वर येऊ दिलं नव्हतं. आज तो भिजलेल्या कुत्र्यासारखा समोर येऊन उभा राहिला.

तिने शालीची गाठ सोडली, पिल्लू गवतात ठेवलं आणि डोळे मिटूनच उतार चढायला लागली. हातांवर आणि गुडघ्यांवर. दगड लागले, काटे लागले. गारा सुरू झाल्या. मादीच्या कण्हण्यावरून तिने दिशा धरली. जळक्या लोकरीचा वास नाकात शिरला, आणि तिच्या हाताला बूट लागला. बुटाच्या वर पाय. मग पोट. मग छाती. छाती हलत नव्हती.

दुसरी वीज खिंडीपलीकडे पडली. मिटलेल्या पापण्यांच्या आतही लाल उजेड झाला. आता तुकडे होणार, तिला वाटलं. आपल्या हातांखालीच होणार. तरी तिला हात काढता येईनात.

तिने ते एकावर एक ठेवले आणि तुडवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. जूनच्या पहाटे बापाच्या शेजारी उभी राहून तुडवायची तसं. पायांखाली गोठलेले बटाटे, बोटांतून निघणारं पाणी, आणि बापाचं म्हणणं, घाई नको, थांबणं नको. तीस झाले. तिने चाचपत हनुवटी वर केली, तोंडाला तोंड लावलं आणि फुंकलं. हवा गालावरून निसटली. पुन्हा फुंकलं. गेली की नाही ते कळेना.

"छाती वर येते का ते पाहा." सिरिलो म्हणाला होता. पाहा.

तिसरी अजून यायची होती. निकासियाने डोळे उघडले.

वेन्लाचे ओठ जांभळे होते. टोपी दूर उडाली होती, एका बाजूचे केस जळून आखडले होते, डोळे अर्धे उघडे. सगळी अखंड होती. निकासियाने नाक नीट दाबलं, तोंड नीट लावलं आणि फुंकलं, आणि छाती वर आलेली तिने पाहिली. पुन्हा तीस. पुन्हा दोन. ती पाहत राहिली. पापणी लवली तर पोरगी जाईल अशा भीतीने ती टक लावून पाहत होती, गारा डोळ्यांत जात होत्या तरी. किती वेळा तीस झाले ते तिने मोजलं नाही. हाताखाली काहीतरी उडालं, वेन्लाच्या घशातून दारू घोटल्यासारखा आवाज आला, आणि तिने खोकून निकासियाच्या कुशीवर ओकारी काढली.

तिसरी वीज त्या दिवशी पडलीच नाही.

पाऊस थांबल्यावर फाउस्तिना आणि बाकीच्या धावत आल्या. घोंगडीच्या झोळीतून त्यांनी वेन्लाला आरोग्यकेंद्रात नेलं. तिला ऐकू येत नव्हतं आणि खांद्यापासून पाठीवर फर्नच्या पानासारखी लाल नक्षी उमटली होती. सिरिलोने नाडी धरली, डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला आणि शहरातून गाडी मागवली. मग तो निकासियाकडे वळला. "कसं केलंत? शिकवल्यासारखं? छाती वर येते ते—"

"दाबलं," निकासिया घाईने म्हणाली. दारात बायका उभ्या होत्या. "नुसतं दाबलं."

एलेउतेरियो कोपऱ्यात टोपी चुरगाळत उभा होता. "कोमाद्रे," तो एवढंच म्हणाला. "पुढच्या वेळी जून."

चार दिवसांनी इस्पितळातून निरोप आला. वेन्लाला एका कानाने ऐकू येतंय, दुसऱ्यानेही येईल, ती विमानाने घरी जाते आहे, आणि पिल्लाचं नाव काय ठेवलं ते विचारते आहे. गावात तोवर एकच गोष्ट पसरली होती. निकासिया आंधळ्यासारखी चढली, डोळे मिटून, म्हणून वरच्या बापाने पोरगी परत दिली. फाउस्तिनाने स्वतः पाठ फिरवलेली असल्यामुळे तिने हे शपथेवर सांगितलं.

त्या दुपारी बासिलिया चुलीपाशी उकडलेले बटाटे सोलत होती. निकासिया भाकरीसाठी मका निवडत होती आणि आईचा हात थांबलेला तिने पाहिला.

"निका. तू पाहिलंस का गं?"

निकासियाला भीती वाटली. माळावर वाटली नव्हती इतकी. हो म्हटलं, तर आई पुढचं पाऊल स्वतःच टाकेल. म्हातारी अजून पक्की होती. पाहिलं आणि तरी पोरगी वाचली. म्हणजे पाहण्याने कोणी मरत नाही. म्हणजे त्या दिवशी शेतात आठ माणसं पाठ फिरवून बसली होती, आणि मागे एक पोरगी बोटांनी माती चाचपत होती, आणि पाठ फिरवा असं ओरडलं होतं कोण?

"नाही, आई," ती म्हणाली. "डोळे मिटलेले होते."

"सारा वेळ?"

"सारा वेळ."

बासिलियाने मान हलवली. सुरी पुन्हा चालायला लागली. मग ती हळूच म्हणाली, "तेव्हाही कोणी पाहिलं नसतं तर..." आणि तिने सुरीचं टोक आत्याच्या जुन्या घराकडे केलं.

निकासियाने मक्याची परडी खाली ठेवली. "आत्याने नाही पाहिलं, आई. मी पाहिलं होतं. बोटांतून."

चुलीतलं शेण तडतडलं. बासिलिया तिच्याकडे पाहत राहिली, आणि निकासियाला वाटलं की आता ती उठेल, बाहेर जाईल आणि आत्याशी बोलायची थांबली तशी माझ्याशीही थांबेल. इतकी वर्षं ती याच क्षणाला भ्यायली होती. आता तो आला होता, आणि तरी तिची नजर आईच्या कपाळावर खिळली होती. तिथे दुसरा कसला विचार उगवतोय का, एवढंच ती पाहत होती.

"सात वर्षांची होतीस," बासिलिया शेवटी म्हणाली. "सात वर्षांच्या पोराला कोण काय सांगणार." तिने सोललेला गरम बटाटा उचलला, फुंकला आणि निकासियाच्या हातात दिला. "खा. तुझी आत्या... तिच्या मयताला तरी जायला हवं होतं मी."

"उद्या जाऊ कबरीवर," निकासिया म्हणाली. "सकाळी. ढग यायच्या आधी."

तिने बटाटा तोंडात घातला. तो फार गरम होता, जीभ पोळली, तरी तिने तो गिळला. अंगणात ते चार दिवसांचं पिल्लू बें-बें करत होतं, आणि खिंडीवर ढग जमायला लागला होता.